गुरुवारचा तांबट

रंगराव टाकीत अडकले होते, आणि त्यांची नात स्वरूपा तिथून हाकेच्या अंतरावर उंबराखाली उभी राहून सगळ्या पोरापोरींना ठासून सांगत होती, की हा जो ठक ठक आवाज येतोय ना, तो तांबट पक्ष्याचा आहे. शंभर टक्के. पैज लावा हवं तर!

हे असं कसं झालं ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

चाकणहून तळेगाव रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक गल्ली आत वळते. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, शेवटाला ओढा, ओढ्याकाठी उंबर. तिथलं शेवटचं शेड ज्ञानेश तांबट यांचं, म्हणजे स्वरूपाच्या बाबांचं. डेअरीवाल्यांना लागतात त्या दूध गार ठेवायच्या स्टीलच्या टाक्या तिथे बनतात. बाहेरून एक पत्रा, आतून एक पत्रा आणि मधल्या पोकळीत फोम. आत उतरायला वर गोल तोंड, त्यावर रबर लावलेलं जाड झाकण, आणि झाकण आवळायला हाताने पिळायच्या दांड्याचे चार बोल्ट. चारही बाहेरच्या बाजूने.

कटिंग, वेल्डिंग सगळं मशीनवर होतं. पण वेल्डिंगच्या शिवणीजवळ पत्रा आतून किंचित फुगतो, तो बसवायला अजून तरी हातोडाच लागतो आणि तो धरणारा हात लागतो. तो हात आबांचा. आबा म्हणजे रंगराव. नाशकात त्यांची अख्खी आळी तांब्याचे बंब आणि घंगाळं ठोकायची. बंब गेले, घरोघरी गिझर आले, मुलगा चाकणला आला आणि त्याच्यामागून आबा आपला हातोडा घेऊन आले.

तांबटाचा ठोका कसाही पडत नाही. एका दमात काही ठोके पत्र्यावर, मग एक हलकासा ठोका बाजूला, ऐरणीच्या कडेवर. तेवढ्यात दुसऱ्या हाताने भांडं जरासं फिरवून घ्यायचं. घरात त्याला दमाचा ठोका म्हणतात. टाकीत बसून काम करताना फिरवायला काहीच नसतं, तरी आबांचा हात तो ठोका देतोच. वयाच्या दहाव्या वर्षापासूनची सवय, ती काय सुटणार!

त्या गुरुवारी आबा सकाळी एकटेच शेडवर गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे टाकी संगमनेरला जायची होती आणि एक शिवण त्यांच्या मनासारखी झाली नव्हती. शर्ट आणि शर्टातला मोबाईल शेडमधल्या खिळ्याला अडकवला. कानात कापसाचे बोळे कोंबले. शिडी लावली आणि आवारात सावलीला उभ्या केलेल्या टाकीत उतरले. काम झालं, आत छान गार होतं, पोतं अंथरलेलं होतं, म्हणून जरा पाठ टेकली. डोळा लागला.

मग आला भैरू. भैरू म्हणजे गल्लीचा राखणदार, इथल्याच जुन्या गावातला. मागच्या महिन्यात अशाच एका उघड्या टाकीत मांजर व्याली होती आणि ज्ञानेशनी त्यावरून भैरूला चांगलंच फैलावर घेतलं होतं. त्यामुळे झाकण उघडं दिसताच भैरू शिडीवर चढला. तोंडाशी वाकून ओरडलाही, "कोन हाय का रं आत?" आतून उत्तर नाही, आणि अंधारात काही दिसेना. कसं येणार? आधीच जन्मभर ठोकून ठोकून कान गेलेले, त्यात कापूस, त्यात झोप. कुणीतरी उघडंच टाकून गेलंय असं समजून भैरूने झाकण लावलं, समोरासमोरचे दोन बोल्ट आवळले, शेडला आणि फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ल्या कमरेला लावून चहाला गेला.

आबांना जाग आली तेव्हा डोळे उघडले की मिटलेत तेच त्यांना कळेना, इतका अंधार. त्यांनी हाका मारल्या. फोमने सगळ्या गिळल्या. मग चाचपडत हातोडा शोधला, तोंडाच्या गळ्याशी उभे राहिले, कारण तेवढाच पत्रा एकेरी असतो, आणि ठोकायला लागले.

ठक. ठक. ठक. ठक.

*

इकडे स्वरूपाची सकाळची शाळा सुटली होती आणि तिच्यामागे पक्षीमंडळ निघालं होतं.

हे मंडळ तिचंच. दिवाळीपर्यंत स्वरूपा वर्गात हजेरीलासुद्धा इतक्या हळू "हजर" म्हणायची की अरुंधती मॅडम दोनदा नाव घ्यायच्या. जानेवारीत मॅडमनी तिला धरून व्यासपीठावर उभी केली आणि म्हणाल्या, "तुझं आडनाव तांबट आहे ना? मग तांबट पक्ष्यावर बोल." आणि काय सांगावं! पहिलं वाक्य जिभेला चिकटलं, दुसरं सुटलं आणि तिसऱ्या वाक्यानंतर जे काही सुरू झालं ते थांबेचना. टाळ्या अशा पडल्या की तिला स्वतःच्याच पायांत स्प्रिंग बसवल्यासारखं वाटलं. ती स्प्रिंग अजून निघाली नव्हती. आता तिला गप्प करणं हे घरातल्यांचं एक जादाचं काम होऊन बसलं होतं.

मंडळाचा दिवस गुरुवार, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. बाकीचे दिवस ग्राइंडर आणि प्रेसच्या आवाजात कावळासुद्धा ऐकू येत नाही. गुरुवारी मात्र गल्ली कशी शांत! शेडं बंद, हातोडा एक वाजत नाही. म्हणूनच तर तो आवाज आला तेव्हा स्वरूपाला तिळमात्र शंका आली नाही.

"शूऽऽ! ऐका, ऐका! तांबट!"

सगळे थबकले. आवाज शेडांच्या बाजूने येत होता. ठक, ठक, ठक, ठक. सारखा, संथ, न चुकता.

"आता नीट बघा," स्वरूपा म्हणाली आणि दगडावर चढली. दगडावर चढायची काही गरज नव्हती. "पोपटी-हिरवं अंग. कपाळावर लाल टिळा, छातीवर लाल पट्टा, गळा पिवळा. जणू हळदीकुंकवाला निघालाय! चोच आखूड आणि जाडजूड, आणि चोचीच्या बुडाशी राठ केस. इंग्रजीत त्याला बार्बेट म्हणतात, म्हणजे दाढीवाला. पण आपलं नाव जास्त भारी. आपल्या लोकांनी त्याच्या दाढीकडे बघितलंच नाही, आवाज ऐकला. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज. म्हणून तांबट."

"म्हणजे तुमच्या घराण्याचा पक्षी," सुजित म्हणाला. सुजित तिच्याच वर्गातला, आणि टोमणा मारल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे. "मग रेशनकार्डावर नाव आहे का त्याचं?"

"तुझं आहे का ते बघ आधी."

हशा पिकला. आवाज चालूच होता. इराने फोन काढून तो रेकॉर्ड करायला घेतला. इरा वाकडच्या अठराव्या मजल्यावरून गेल्या जूनमध्ये इकडे राहायला आलेली, फार बोलत नसे, पण प्रश्न विचारायची तेव्हा नेमका विचारायची.

"पण दिसत का नाहीये?"

"तो मान वळवून वळवून ओरडतो गं. त्यामुळे आवाज इकडून येतोय की तिकडून, कळतच नाही. भले भले फसतात."

हे खरंच होतं, पुस्तकातलं. इराने मान डोलावली. आणि तेवढ्यात, अगदी त्यांच्या डोक्यावर, उंबराच्या वाळक्या शेंड्यावरून दुसरा आवाज सुरू झाला. टुक टुक टुक टुक टुक. सगळ्यांनी वर पाहिलं. तो होता! हिरवागार, मुठीएवढा, कपाळावर कुंकू फासलेला. चोच मिटलेली आणि गळ्याचा फुगा आतबाहेर होत होता. पोरं हरखून एकमेकांच्या पायांवर उभी राहिली.

"हा इथे आहे," इरा हळूच म्हणाली. "मग मागचा कोण?"

स्वरूपाने क्षणभरही विचार केला नाही. तेच तर वाईट झालं.

"त्याची जोडीदारीण! हा हाक मारतोय, ती ओ देतेय."

"ओ जरा दमानं देतेय," सुजित म्हणाला. आणि खरंच, मागचा आवाज आता हळू झाला होता. ठक... ठक... ठक... "दमली वाटतं बिचारी. तुझी बडबड ऐकून."

पुन्हा हशा. स्वरूपाही हसली. ते हसणं तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहणार होतं, पण त्या वेळी ती हसली, खळखळून.

मग एक सावली ओढ्यावरून सरकली.

शिक्रा. पंख पसरून, बिलकूल आवाज न करता. उंबरावरचा तांबट मधल्या मध्ये गप्प झाला, कुणी बटण बंद करावं तसा. बुलबुल गप्प, साळुंक्या गप्प, खारसुद्धा खोडाला चिकटून दगड झाली. शिकारी पक्षी आला की असंच होतं, सगळे चिडीचूप. स्वरूपा हेच सांगायला तोंड उघडणार, तोच तिला ऐकू आलं.

ठक... ठक... ठक...

मागची जोडीदारीण गप्प झाली नव्हती.

डोक्यावर शिक्रा घिरट्या घालतोय आणि एक पक्षी आपला ओरडतोय? असा कुठला पक्षी असतो? स्वरूपाचं तोंड उघडंच राहिलं. त्या शांततेत आवाज आता स्वच्छ येत होता, आणि प्रत्येक ठक्‌च्या मागे बारीकशी झिणझिण होती, पत्र्याची. पक्ष्याच्या गळ्याला झिणझिण नसते.

ठक... ठक... आणि मग एक अगदी हलका. टिक.

दमाचा ठोका.

"आबा," स्वरूपा म्हणाली.

"कोण आबा?" सुजितने विचारलं. पण ती दगडावरून उडी मारून पळत सुटली होती.

*

फाटकाला कुलूप. भिंतीवर काचा.

"भैरूकाका! भैरूकाकाऽऽ!" गल्लीत चिटपाखरू नाही. "सुजित, चौकात चहाच्या टपरीवर बघ, भैरूकाका तिथंच असतो! किल्ली आणायला सांग! आबा टाकीत आहेत म्हणून सांग!"

सुजित एक शब्दही उलट न बोलता पळाला. त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी.

ओढ्याच्या बाजूला भिंतीवरच्या काचा झडल्या होत्या. स्वरूपा आणि इरा तिथून चढल्या. गुडघे सोलवटले, ते कळलंही नाही. आवारात टाकी उभी होती. सकाळची सावली केव्हाच सरकली होती आणि स्टीलवर ऊन असं पेटलं होतं की बघवेना. शिडी अजून तिथेच टेकलेली. झाकण बंद.

स्वरूपा वर चढली. "आबा! मी आलेय! आबाऽऽ!" तिने विटेचा तुकडा झाकणावर आपटला.

आतून एक ठोका आला. फार हलका. मग काहीच नाही.

पहिला बोल्ट तिने दोन्ही हातांनी पिळला. दांडा इतका तापला होता की तळहात चरचरला, पण तो सुटला. दुसरा मात्र हलेना. भैरूने मांजरीच्या रागाने आवळला होता तो. तिने लोंबकळून पाहिलं, शिव्या देऊन पाहिलं, वीट मारली तर विटेचाच भुगा झाला.

"पाइप!" इरा खालून ओरडली. भंगाराच्या ढिगातून ती एक लोखंडी नळी ओढत होती, तिच्याहून लांब. "दांड्यात घाल आणि खाली दाब!"

नळी दांड्यावर बसली. इराही शिडीवर आली, दोघींनी मिळून अंग टाकलं. काही नाही. पुन्हा टाकलं. कर्रऽऽ असा आवाज झाला आणि बोल्ट सुटला. स्वरूपा शिडीवरून जवळजवळ खालीच गेली असती, इराने तिचा दप्तराचा पट्टा धरला म्हणून वाचली.

झाकण उघडलं. आतून ऊबट, कोंदट वाफ तोंडावर आली.

आबा खाली बसले होते. पाठ पत्र्याला, मान छातीवर, अंगावर नुसता बनियन आणि तो घामाने चिकटलेला. हातोडा बाजूला पडला होता. पण उजवा हात... उजवा हात अजून हलत होता. रिकामी मूठ गुडघ्यावर पडत होती, उचलत होती, पडत होती.

"आबा!"

स्वरूपाने एक पाय आत टाकला.

"आत उतरू नगंस! पोरी, आत उतरू नगंस!" फाटक धाडकन उघडलं होतं. भैरू धावत येत होता, टोपी कुठेतरी पडलेली, मागे सुजित. "आत हवा न्हाई! तूबी पडशील! हाय तिथंच थांब!"

हे तिला ठाऊक होतं. बाबा कामावरच्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतात, की आत कुणी पडला तर मागून उडी मारायची नाही, नाहीतर एकाचे दोन होतात. ठाऊक होतं, पण पाय ऐकेना. आबा तिथे, दोन हात खाली, आणि आपण वर नुसतं बघत बसायचं? तिने तोंडाची कड घट्ट धरली. तळहाताची आग डोक्यात गेली. पाय बाहेर काढला.

भैरूने शेडचं कुलूप उघडलं आणि वेल्डिंगचा धूर ओढायचा पंखा उलटा लावला. त्याचा लांब कापडी पाइप सुजितने खांद्यावर घेऊन वर दिला, स्वरूपाने तो टाकीत सोडला. पंखा घरघरला. पाइप फुगला. आता थांबायचं.

थांबायचं! स्वरूपाला थांबणं कधी जमलंय का?

"आबा, वर बघा. आबा, बोला ना. आबा, आई आमटी करतेय आज, चिंचगुळाची. आबा!" ती बोलत राहिली. आबा काही हलेनात. आणि मग तिच्या लक्षात आलं, कापूस! त्यांच्या कानात कापूस आहे, ते ऐकतच नाहीयेत. तिने पाइपजवळची लोखंडी नळी उचलली आणि तोंडाच्या कडेवर ठोका दिला. ठक. ठक. ठक. पत्रा पायांतून वाजतो, त्याला कान लागत नाहीत.

गुडघ्यावरची मूठ थांबली.

मग आबांची मान जरा हलली, कलली आणि हळूहळू वर आली. त्यांनी डोळे किलकिले केले. उजेडाकडे पाहिलं आणि एक मोठा, फाटका श्वास घेतला. मग दुसरा.

"जिवंत हाईत," भैरू म्हणाला आणि शिडीच्या पायरीवर मटकन बसला. "जिवंत हाईत बया." क्षणभरच बसला. मग उठून कमरेला दोर बांधला, दुसरं टोक सुजितच्या आणि इराच्या हातात दिलं, आणि पंख्याचा पाइप तोंडाशी धरून स्वतः आत उतरला.

*

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत आबांच्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क होता. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र इथेच राहू द्या, पण काळजीचं कारण नाही. भैरू दाराबाहेर उकिडवा बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपणहून सांगत होता, "म्या लावलं झाकान. म्याच." स्वरूपाची आई, दीपमाला, त्याला तीनदा चहा देऊन आली होती. बाबा संगमनेरहून निघाले होते, डेअरीवाल्याशी बोलायला गेले होते ते, आणि दर थोड्या वेळाने फोन करून एकच विचारत होते, "आता कसे आहेत?"

स्वरूपाच्या दोन्ही तळहातांना मलम आणि पट्ट्या. ती पलंगाच्या कडेला बसली होती. इतका वेळ गप्प ती जानेवारीपासून बसली नव्हती.

शेवटी आबांनी मास्क जरा सरकवला. "हात बघू."

तिने दाखवले. त्यांनी मनगट धरून पट्ट्या उलटसुलट पाहिल्या, टाकीची शिवण तपासतात तशा.

"आबा," तिचा आवाज फुटला, "तुम्ही वेडंवाकडं का नाही बडवलंत? धडाधड, कसंही? लगेच कळलं असतं कुणालाही. इतकं नीट, इतकं तालात कुणी..."

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला.

"कसंही बडवलं असतं तर गळ्याला पोचे पडले असते ना. पहाटे माल जायचाय."

"अगंबाई!" दीपमाला कपाळावर हात मारून म्हणाली. "जीव चालला होता, मामा, आणि तुम्ही पोचे बघत होतात?"

"तेव्हा कुठं ठाऊक होतं चाललाय म्हणून."

आई हसायला लागली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून खिडकीकडे वळली. स्वरूपाला हसू आलं नाही. खरं सांगायचं ते अजून तसंच राहिलं होतं.

"मी ऐकत होते," ती म्हणाली. "पहिल्यापासून. आम्ही उंबराखालीच होतो. मी सगळ्यांना सांगितलं, की तो पक्षी आहे. इराने विचारलं, तरी मी सांगितलं, पक्षीच आहे. आम्ही हसत होतो, आबा."

नळीतून ऑक्सिजनची सूं सूं तेवढी चालू होती. स्वरूपाला वाटलं, आता हे तोंड फिरवणार. त्यांनी तोंड फिरवलं नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही. छताकडे बघत राहिले.

"आत मला वाटत होतं," ते सावकाश म्हणाले, "गुरुवार आहे, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. ऐकणारंच कुणी नाही. तेवढं एक वाटायला लागलं की हात जड होतो."

"मी होते ना तिथे."

"होतीस म्हणे." त्यांनी मास्क पुन्हा नाकावर ओढायला घेतला, मग थांबले. "पुढच्या खेपेला आधी जाऊन बघायचं. मग भाषण."

"पुढची खेप?" खिडकीकडून आई कडाडली. "पुढची खेप कसली आलीय! उद्यापासून एकट्यानं टाकीत उतरायचं नाही, सांगून ठेवते!"

आबांनी मास्क लावला आणि डोळे मिटून घेतले, ऐकूच आलं नाही असे. स्वरूपाचं मनगट मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. बाहेर बाबांच्या गाडीचा हॉर्न वाजला, भैरू दाराशी धडपडत उठला, आई जिन्याकडे गेली. स्वरूपा जागची हलली नाही. ती त्यांच्या छातीकडे बघत होती, वर, खाली, वर, खाली, आणि या वेळी कुणाला काहीही समजावून सांगत नव्हती.